घडवंचीवरची बाटली

"पारोळा गावातील समस्त नागरिक, बाजाराला आलेले पाहुणे, उभे प्रवासी, बसलेले प्रवासी आणि बाकावर आडवे झालेले प्रवासी यांना एक अत्यंत गंभीर सूचना देण्यात येत आहे. कंट्रोलर नाना यांची कन्या कुमारी इंदू, वय वर्षे सात, हिला आजपासून कोणीही पेढा, बत्तासा, रेवडी, लिमलेटची गोळी, उसाचा रस किंवा केळं देऊ नये. प्रेमाने देऊ नये, प्रसाद म्हणून देऊ नये, आणि 'एवढ्याशाने काय होतं' असं म्हणून तर मुळीच देऊ नये. तिला साखरेचा आजार झालेला आहे. धुळ्याला जाणारी गाडी लिंबाखाली लागलेली आहे."

ही सूचना मी खरोखर दिली होती. आमच्या एस.टी. स्टँडवर तेव्हा नुकताच एक भोंगा बसवला होता आणि त्याच्या पुढे बोलण्याचा अधिकार गावात फक्त मला होता. अधिकार माणसाला बिघडवतो. वरून मला लेखी ठपका आला, तो रास्तच होता. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं की तासाभरात सात जण घरी येऊन गेले आणि त्यातले दोघे धीर द्यायला म्हणून पावशेर पेढे घेऊन आले.

गेल्या महिन्यात अमळनेरकडचे एक गृहस्थ आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन धुळ्याच्या दवाखान्यातून परतत होते. स्टँडवर माझ्यासमोरच्या बाकावर बसून रडायला लागले. मुलाला तोच आजार, कालच कळलेला. मी त्यांना चहा पाजला, त्यांच्या तीन गाड्या मुद्दाम चुकवल्या आणि आमची सगळी कहाणी सांगितली. चौथ्या गाडीत बसताना ते हसत होते. म्हणून हे लिहितो आहे. औषधाची माहिती डॉक्टरांकडून घ्यावी. आम्ही काय काय मूर्खपणा केला तेवढं मी सांगणार, कारण ते डॉक्टरांच्या पुस्तकात नसतं.

मुंग्या

त्या वर्षी थंडीतच इंदूला उन्हाळा लागला. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून माठाला तोंड लावायची. पाच पेले, सहा पेले. मग सारखं मोरीकडे पळणं. दोन वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली. माझी बायको शकू रोज गोधड्या धुऊन वैतागली आणि पोरीला रोज बोलणी बसू लागली. पोरगी वाळत चालली होती. आम्ही म्हणालो, उंच होतेय.

खरं काय ते पहिल्यांदा माझ्या आईला दिसलं. तिला सगळं घर माय म्हणतं. शाळेचं तोंड न पाहिलेली, गळ्यात तुळशीची माळ घातलेली, अस्सल अहिराणी बोलणारी बाई. ती एके दिवशी मला म्हणाली, "आरे, पोर जठे बसस तठे मुंग्या लागतस. हाई लक्षन चांगलं नही."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "माय, पोरगी गोड आहे, मुंग्या लागणारच."

हा विनोद मी तीन ठिकाणी सांगितला आणि तिन्ही ठिकाणी मला हशा मिळाला. आठ दिवसांनी इंदू शाळेत बाकावरच आडवी झाली आणि आम्ही धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. आजही तो विनोद आठवला की मी स्वतःला मनातल्या मनात भोंग्यावरून शिव्या घालतो.

शेठ लोकांचा आजार

डॉक्टर उंच, किडकिडीत, शब्द मोजून वापरणारे. दुपारी त्यांनी आम्हाला टेबलापुढे बसवलं आणि म्हणाले, "मुलीला मधुमेह आहे."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काहीतरी गफलत आहे. तो आजार शेठ लोकांना होतो. गादीवर बसतात, तूप खातात, पोट सुटतं, त्यांना. ही पोरगी बघा, हिला पोटच नाही. माझा पगार बघा."

"हा पगार बघून येत नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई."

"किती दिवस?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. "कायम," ते म्हणाले.

शकू, जिला लोक अबोल समजतात, तिनं विचारलं, "आणि नाही टोचलं तर?"

डॉक्टरांनी इंदूकडे पाहिलं. ती टेबलावरच्या कागदावर ठेवलेला काचेचा गोळा फिरवत होती. "टोचायचं," ते म्हणाले.

त्या दिवशी मी दवाखान्याच्या आवारात निंबाखाली उभा राहून मोठमोठ्यानं भांडलो. कोणाशी, ते विचारू नका, समोर कोणी नव्हतं. एक चणेवाला घाबरून गाडी घेऊन लांब गेला.

वांगं

पंधरा दिवस दवाखान्यात काढले. सकाळी सुई, मग तोललेली भाकरी, मग डॉक्टरांची फेरी, मग शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांचे सल्ले, परत सुई. शेजारच्या खाटेवर शिरपूरकडच्या एका बाईचा मुलगा होता. तिला घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी यायची. त्यातली अर्धी ती न विचारता डॉक्टरांच्या तराजूत टाकायची आणि म्हणायची, "मोजा, आणि पोरीला द्या." तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

सुई टोचायला सिस्टरनी आम्हाला शिकवलं. आधी माणसावर नाही, वांग्यावर. आमच्याकडची भरिताची वांगी थोराड, पोपटी, तुकतुकीत. पहिली पाळी माझी. मी सुई धरली, वांग्याकडे पाहिलं आणि मला त्या वांग्याचीच दया आली. सिस्टर म्हणाल्या, "अहो, वांगं आहे ते." मी म्हणालो, "हो, पण निरपराध आहे." मग शकूनं माझ्या हातातून पिचकारी घेतली आणि एका दमात टोचली. इंदू टाळ्या वाजवून म्हणाली, "आईचं वांगं रडलं नाही!"

तेव्हापासून आजपर्यंत सुईचं काम शकूकडे आहे. माझ्याकडे घोषणा.

आज कोणता रंग?

घरी आल्यावर आमच्या स्वयंपाकघराची शाळेची प्रयोगशाळा झाली. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात इंदूच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर ठीक. पिवळं म्हणजे सावध, नारिंगी म्हणजे वाईट, आणि विटेसारखं लाल झालं म्हणजे घरात सुतक.

नळी उकळत असताना आम्ही चौघं निवडणुकीच्या निकालाला बसावं तसे श्वास रोखून बसायचो. निकाल इंदू जाहीर करायची, कारण घोषणेची हौस रक्तातूनच उतरते. "हिरवाऽऽ!" असं ती ओरडली की भिंतीपलीकडून शेजारच्या नर्मदाअक्का ओरडायच्या, "बरं झालं हो!" लाल आलं की त्याच अक्का विचारायच्या, "काय खाऊ घातलं पोरीला?"

हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून दहा वेळा विचारला जाऊ लागला. मी शकूला विचारायचो, शकू मायला विचारायची, माय नर्मदाअक्कांना विचारायची आणि सगळे मिळून इंदूला विचारायचे. सात वर्षांच्या पोरीची झडती घ्यायची म्हणजे काय ते ज्यानं घेतली त्यालाच माहीत. मी तिच्या फ्रॉकचे खिसे उलटे केलेत. शाळेच्या पाटीला चिकटपणा लागलाय का म्हणून पाटीचा वास घेतलाय.

आणि सल्ले! कारल्याचा रस, कडुलिंबाचा पाला, जांभळाच्या बियांची पूड. एकानं सांगितलं, पोरीला रोज अनवाणी शेतात फिरवा. त्याच्याच भावानं सांगितलं, मातीला पाय लागू देऊ नका. नर्मदाअक्का काळजीनं म्हणाल्या, "नाना, त्या सुईची सवय लागते म्हणे."

"लागते ना, अक्का. भाकरीची लागते तशीच."

"माझ्या माहेरी एकानं सुई सोडली."

"मग?"

"मग काय," अक्का जरा थांबून म्हणाल्या, "गेला बिचारा. पण सवय सुटली."

मी घरात जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडलो.

माझं तोंड

इन्सुलिनची बाटली जळगावहून यायची. तिथल्या औषधवाल्याकडे फ्रीज होता, गारेगारवाल्याकडे बर्फ होता आणि माझ्याकडे अख्खी जळगाव-धुळे लाइन होती. पोपटभाऊ कंडक्टर बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये बाटली घेऊन यायचे. थर्मास त्यांच्या तिकिटांच्या पेटीशेजारी, आणि जो प्रवासी त्याला हात लावेल त्याचा उद्धार. सगळे ड्रायव्हर त्याला 'इंदूबाईंची सवारी' म्हणत. लाइनवरची ही माणसं माझी कोणी नव्हती, पण त्या थर्मासला त्यांनी एकदाही ऊन लागू दिलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ऊन लागलं ते माझ्या घरात.

घरी फ्रीज नव्हता. गल्लीतच कोणाकडे नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "घरातल्या सगळ्यांत गार जागी ठेवा." सगळ्यांत गार जागा म्हणजे पाण्याची घडवंची. तीन माठ, खाली ओली वाळू, वरून ओलं फडकं. दोन माठांच्या मधल्या फटीत बाटली ठेवायची. माझी ही युक्ती डॉक्टरांनाही आवडली.

आता माझ्या तोंडाकडे येतो. दवाखान्यात मी सिस्टरना विचारलं होतं की हे औषध कशापासून करतात. त्यांनी सांगितलं, कापलेल्या जनावरांच्या पोटातल्या एका ग्रंथीपासून. गाई-बैलांच्या, डुकरांच्या. ही माहिती मला पोटात ठेवता आली असती. पण अशी गोष्ट हातात आल्यावर ती न सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी घरी येऊन ती हावभावांसकट सांगितली. बैल झालो, खाटीक झालो, साहेबाच्या देशातला शास्त्रज्ञ झालो. गल्लीतली पोरं घाबरून हसली. माय माझ्याकडे बघत गळ्यातली माळ चाचपत होती.

मला वाटलं, आता ही म्हणणार, असलं औषध नको. पण ती म्हणाली, "पोरना जीव वाचस ना? मग देवले मी समजाडी लिसू."

देवाची समजूत घालायची जबाबदारी तिनं घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फक्त देवाचं नाव घेतलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आखाजी

वैशाखात आखाजी आली. अक्षय्य तृतीया म्हणा हवं तर, पण आमच्या खानदेशात ती आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावर पुरणाचे मांडे भाजतात आणि आमरसानं पातेली भरतात. एका नव्या घागरीत पाणी भरून ती घडवंचीशी पुजायची, वर डांगर म्हणजे आमच्याकडचं खरबूज ठेवायचं, सांजोरी ठेवायची. घरातले गेलेले पूर्वज त्या दिवशी तहानलेले येतात आणि ते पाणी पितात. घागर दोन दिवस हलवायची नाही.

सगळं गाव रस ओरपत असताना सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? मी तिला समोर बसवलं आणि म्हणालो, "इंदू, एक थेंबसुद्धा नाही."

"वाटीला लागलेला?"

"नाही."

"कोयीला लागलेला?"

"नाही."

"वास घेतला तर?"

मी शकूकडे पाहिलं. शकू म्हणाली, "वास घे." ती पातेल्यावर वाकून डोळे मिटून बराच वेळ वास घेत राहिली. मी उठून बाहेर गेलो.

रात्री, सुई झाल्यावरही, नळी नारिंगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी विटेसारखी लाल. मी भडकलो. चौकशी सुरू झाली. नर्मदाअक्कांनी दिला? नाही. शाळेच्या मैत्रिणींनी? नाही. मायनं? मायनं नुसती मान हलवली. इंदू म्हणाली, "मी नाही खाल्ला, नाना." ती परत पाण्यावर पाणी पीत होती. त्या संध्याकाळी पुन्हा लाल. शकूनं सुई दिली, दर वेळी देत होती तशीच, न चुकता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगी उलट्या करायला लागली. मी तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाला वास आला. गोडसर, पिकून उतरलेल्या फळासारखा. मला दुसऱ्या पुराव्याची गरजच उरली नाही. मी साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वास येतोय तोंडाला! आंब्याचा वास येतोय! अजून खोटं बोलतेस?"

"मी फक्त वास घेतला होता," ती म्हणाली.

आणि मी तिला चापट मारली. गालावर.

हे वाक्य मला गाळता आलं असतं. आता इंदू चौदा वर्षांची आहे, हा मजकूर तिनं वाचलाय, आणि तिनंच सांगितलं की ते वाक्य राहू द्या.

ती रडली नाही. रडायला लागते ती ताकदच तिच्यात नव्हती. भिंतीला टेकून बसली आणि तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा खोल खोल चालू झाला. शकू म्हणाली, "तुमचा पुरावा राहू द्या बाजूला. पोरगी श्वास कसा घेतेय ते बघा." मग ती अबोल बाई माझ्यावर असं काही ओरडली की भिंतीपलीकडच्या नर्मदाअक्का गप्प झाल्या. "गाडी कुठली आहे आत्ता?"

गाड्यांचं वेळापत्रक मला झोपेत पाठ. त्या क्षणी एक गाडी आठवेना.

धाबं

नऊ वाजता पोपटभाऊंची गाडी होती. इंदूला बघून त्यांनी घंटी मारली आणि भरल्या गाडीला सांगितलं, "मंडळी, आता धुळ्याशिवाय ही गाडी कुठे थांबणार नाही. ज्याला मध्ये उतरायचं असेल त्यानं आत्ताच उतरावं." चार जण निमूट उतरले. एक जण कुरकुरला, त्याला बाकीच्यांनी उतरवलं. शकूनं ओल्या फडक्यात गुंडाळून औषधाची बाटली बरोबर घेतली होती. माय कोणी न सांगताच गाडीत येऊन बसली होती, अनवाणी.

दवाखान्यात इंदूला आत नेलं, हाताला सलाइन लागलं. डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्यापुढे हात जोडून म्हणालो, "आमरस खाल्ला साहेब तिनं. तोंडाला अजून वास येतोय."

"तो आंब्याचा वास नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध लागू पडलं नाही की या आजारात श्वासाला असाच वास येतो. हा वास आला की चौकशी करायची नाही. मुलाला घेऊन निघायचं. ती शुद्धीवर आहे हे तुमचं नशीब." मग म्हणाले, "बाटली आणली आहे?"

शकूनं दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली. काचेला आतून पांढऱ्या गुठळ्या चिकटल्या होत्या, नासलेल्या दुधासारख्या. तीन दिवस दर सुईला ती बाटली शकूच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर होती, पण आम्ही दोघंही पोरीच्या तोंडाकडे बघत होतो.

"ही तापली आहे. चांगलीच तापली आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठे ठेवली होती?"

"घडवंचीवर," मी ठामपणे म्हणालो. "माठांच्या मध्ये. सबंध पारोळ्यात त्याहून गार जागा नाही."

भिंतीशी उकिडवी बसलेली माय हळूच म्हणाली, "धाबावर तापस का रे?"

धाबं म्हणजे आमच्या घरांचं मातीचं सपाट छप्पर. वैशाखातल्या पारोळ्याच्या दुपारी धाब्यावर पापड टाकले तर ते वाळायच्या आधी भाजून निघतात. मी मायकडे बघतच राहिलो.

"मीच ठेवी व्हती," ती म्हणाली. आखाजीच्या सकाळची सुई झाल्यावर तिनं बाटली उचलली आणि पळसाच्या पानात ठेवून शिडीनं धाब्यावर नेली. उंच जागा, स्वच्छ जागा, कोणाचा पाय लागायला नको. दिवस बुडताना परत घडवंचीवर. दुसऱ्या दिवशीही तसंच. पूर्वज पाणी प्यायला येणार आणि त्या पाण्याला टेकून जनावराच्या पोटातलं औषध? "देवले मी समजाडं व्हतं. पन पित्तरस्ले कोन समजाडी? तुना बाप कितला तापट व्हता, इसरी गया का?"

माझे वडील खरोखर तापट होते. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट अंगणात जायचं. मेल्यानंतर ते निवळले असतील असं मायनं का गृहीत धरावं?

मला हसू आलं आणि त्याच झटक्यात रडू आलं. मला मायवर ओरडायचं होतं. पण बैल, खाटीक आणि शास्त्रज्ञ कोण झालं होतं? शकू मायशेजारी जमिनीवर बसली आणि तिनं मायचे भाजलेले तळवे आपल्या मांडीवर घेतले. त्या दोघी सासू-सुनांमध्ये एवढा जिव्हाळा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसा नाही.

अमळनेरकर गृहस्थांना मी जे सांगितलं ते इथे सांगून टाकतो, म्हणजे विसरणार नाही. बाटलीला तिची स्वतःची जागा द्या, जिथून ती कोणाच्याही पूजेत, पाहुण्यात किंवा सणात हलणार नाही. आमच्याकडे मायनं पुढच्या बाजाराला स्वतः जाऊन एक छोटं मडकं आणलं. ते देवघराच्या पलीकडच्या कोनाड्यात, ओल्या वाळूत असतं. दर आखाजीला ती त्यालाही हळदकुंकू लावते. म्हणते, आपले पूर्वज त्या कोनाड्याकडे बघत नाहीत, तसं त्यांच्याशी ठरलंय. दुसरं, रोज सुईआधी बाटली उजेडाकडे धरा. आणि तिसरं: लाल रंग दिसला की पोराचे खिसे उलटे करू नका. आधी बाटली बघा, पिचकारी बघा, स्वतःकडे बघा. पोराचा नंबर सगळ्यांत शेवटी.

पण मी गाडी पुढे नेली. दवाखान्यातलं शेवटचं राहिलंच.

दोन दिवस आम्ही खाटेच्या तीन बाजूंना बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी नळी उकळली आणि ती हिरवी झाली. घोषणा करायला कोणी नव्हतं. म्हणून मी उभा राहिलो. खाटेवरून बारीक आवाज आला, "हिरवा."

तेवढ्यात डॉक्टरांची फेरी आली. मागे सिस्टर, दोन शिकाऊ डॉक्टर, आसपासच्या खाटांवरचे लोक माना वर करून बघतायत. मी ठरवलं, चापट सगळ्या घरादेखत मारली, तर माफीही सगळ्यांदेखत मागायची. मी खाटेपाशी गेलो आणि म्हणालो, "इंदू, मी चुकलो. तू आमरस खाल्ला नव्हतास. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला मारलं. तुझ्या नानाला माफ कर."

पदराआड मायचं मुसमुसणं ऐकू येत होतं. डॉक्टरसुद्धा जरा थांबले. इंदू माझ्याकडे बघत राहिली. डोक्यात काहीतरी जुळत होतं. मग ती मला ओलांडून थेट डॉक्टरांकडे वळली आणि सबंध वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"डॉक्टर, आमरस खाल्ला म्हणून यांचं मारून झालंय. आता तो आमरस आणायला सांगा!"